ज्वारीचा डिफेंडर

जैनथच्या बसस्टॉपसमोर माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाकडं आणि खिळ्याला टांगलेले गोलकीपरचे जुने हातमोजे. माणूस पंपाचा वायसर बदलायला येतो. पाच मिनिटांचं काम! पण त्याची नजर त्या हातमोज्यांवर जाते आणि मग तो तासभर हलत नाही. "भास्कर, थो दिगूचा किस्सा सांग ना बे!" असं करत करत दुकानात पंपांपेक्षा किस्सेच जास्त साचलेत. त्यातले निम्मे माझ्याच तोंडून निघालेले असतात आणि गावभर फिरून मलाच नवीन म्हणून परत ऐकवले जातात. म्हणून म्हटलं, एकदा आपणच नीट सांगून टाकावेत.

दिगू म्हणजे दिगांबर. आमच्याच गावचा. धंद्यानं फुटबॉलपटू, जागा सेंटर बॅक, म्हणजे गोलच्या पुढं उभं राहून समोरच्याला अडवणारा. हैदराबाद, मग कोलकाता, मग गोवा आणि परत हैदराबाद असा त्याचा बारा वर्षांचा प्रवास. मी भास्कर, त्याचा गोलकीपर. गावच्या टीममध्ये तीन वर्षं तो माझ्या पुढं उभा राहिला. गोलकीपरला डिफेंडरचं तोंड कधी दिसत नाही, पाठच दिसते. त्यामुळे दिगूची पाठ जेवढी मी पाहिली तेवढी त्याच्या बायकोनंही पाहिली नसेल. हे मी एकदा तिच्यासमोरच बोललो, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

*

सगळ्यात आधी, दिगू फुटबॉलमध्ये आला कसा? तर तो आलाच नव्हता!

आमच्या मैदानाच्या एका गोलच्या मागं त्याच्या वडिलांचं, नामदेवकाकांचं शेत. गोलला जाळी नाही. बॉल चुकला की थेट ज्वारीत, आणि त्याच्या मागं आम्ही पाच-सहा जण ज्वारीत. उभं पीक आडवं व्हायला लागलं तेव्हा काकांनी सतरा वर्षांच्या दिगूला राखणीला बसवलं. दोन दिवस तो गोलच्या मागं बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं विचार केला असावा, की बॉल मागं आल्यावर धावण्यापेक्षा तो येऊच दिला नाही तर? तो उठला आणि गोलच्या पुढं येऊन उभा राहिला.

त्याच रविवारी नेरडीगोंड्याच्या टीमशी आमची मॅच होती. दिगू जागेवर उभाच. त्यांचा एकही फॉरवर्ड त्याच्यापुढं जाईना. मी गोलमध्ये हात बांधून उभा! शेवटी त्यांचा कॅप्टन भडकला, "सर, इनके बारा आदमी खेल रहे!"

शाळेचे ड्रिल सर रेफरी होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर, आमचे अकराच आहेत. मोजा ना."

"मंग हा कोण होय?"

"हा टीमचा नाही सर. हा ज्वारीचा आहे."

सरांनी पीक पाहिलं, नामदेवकाकांचा स्वभाव आठवला आणि शिट्टी वाजवून खेळ पुढं चालू केला. हाफ टाइमला बाजू बदलली. आम्ही पलीकडच्या गोलला गेलो, नेरडीगोंडावाले ज्वारीकडं आले. दिगू मात्र तिथंच! ज्वारी कुठं जागा बदलते? आता तो आम्हाला अडवायला लागला. पहिल्या हाफमध्ये ते ओरडत होते, दुसऱ्या हाफमध्ये आम्ही. मॅच शून्य-शून्य सुटली आणि काकांचं एक कणीस वाकलं नाही.

पुढं ज्वारी निघाली आणि दिगू यायचा बंद झाला. आम्ही चौघं त्याच्या घरी गेलो. "दिगू, काऊन येऊन नाही राह्यला बे?"

तो खरोखर गोंधळला. म्हणाला, "आता कायले येऊ? ज्वारी तं निघाली."

शेवटी काकांनाच गळ घातली. काकांनी आमच्या गोलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पोराला म्हणाले, "जाय बाबू. ह्याईची राखण कर. ह्याईच्यानं काई होत नाही."

*

नामदेवकाकांना फुटबॉलचा एकही नियम माहीत नाही. पण दिगूला खेळ शिकवला तो त्यांनीच. बैल पिकाकडं वळला की त्याच्या अंगावर धावायचं नाही, पीक आणि बैल यांच्या मधोमध जाऊन उभं राहायचं. आणि त्याच्या डोळ्याकडं पाहायचं नाही. "डोया इकडं अन् जाते तिकडं. खांदा पाह्य. खांदा जिकडं, बैल तिकडं." एवढीच त्यांची शिकवण.

वीस वर्षांचा असताना दिगू हैदराबादला एका क्लबच्या निवड चाचणीला गेला. सोबत मी. मलाही वाटत होतं आपलं काही होईल. माझं अर्ध्या तासात झालं, त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

दिगूसमोर एक नावाजलेला फॉरवर्ड आला. बॉलवरून डावा पाय फिरव, उजवा फिरव, कंबर हलव, मान हलव. बघणाऱ्याला चक्कर यावी! दिगू ढिम्म उभा. तो सगळा नाच संपवून फॉरवर्ड निघाला, तोवर दिगूनं बॉल काढून घेतलेला होता. पाच वेळा तेच. फॉरवर्ड रडकुंडीला आला. "अरे, तू मेरे पैर देखता ही नहीं क्या?"

दिगू म्हणाला, "पैर क्यों देखना? पैर झूठ बोलता."

क्लबचे कोच केरळचे होते. उंच, काळी टोपी, बोलणं मोजकं. पुढं दिगूच्या आयुष्यात हेच सर परत परत येणार होते, पण तेव्हा आम्हाला काय माहीत! त्यांनी दिगूला जवळ बोलावलं.

"तुम्हारा कोच कौन?"

"पिताजी."

"किधर खेलते थे?"

"खेलते नहीं सर. बैल हकालते."

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि वहीत दिगूचं नाव लिहिलं. येताना बसमध्ये दिगू माझ्याशी एक शब्द बोलेना. आपली निवड झाली आणि मित्राची नाही, याचीच त्याला लाज वाटत होती. मग मीच म्हटलं, "अरे खूश हो ना बे! आपल्या दोघाईतला एक तं गेला." तेव्हा कुठं तो हसला, आणि मला खरंच बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं. दोन्ही सांगतो, खोटं कशाला बोलू?

*

प्रत्येक मॅचनंतर दिगू घरी फोन करतो. बारा वर्षांत काकांनी कधी "जिंकला का?" असं विचारलेलं नाही. त्यांचा प्रश्न एकच.

"आत काई शिरलं का?"

एकदा दिगूची टीम तीन-एकनं जिंकली. पेपरात फोटो आला. दिगूनं आनंदानं फोन केला, "बाबा, जिंकलो!"

"आत काई शिरलं का?"

"एक शिरलं बाबा. पण आमी तीन मारले ना!"

"थे पुढच्याईनं मारले. तुह्या इकून एक शिरलं." काका जेवायला बसले होते, ते ताटावरून उठले. काकू म्हणाल्या, ते त्यानंतर अर्धा तास शेताच्या बांधावर जाऊन बसले होते.

*

मॅच मोबाईलवर दिसायला लागल्यापासून गाव माझ्या दुकानात जमतं. मोबाईल पंपाच्या टाकीला टेकवून ठेवायचा. बाकड्यावर काका-काकू, मागं बाकीचे. पहिल्याच मॅचला भांडण झालं. झालं असं, की कॅमेरा बॉलच्या मागं फिरतो. दिगूची टीम पुढं हल्ला करत असेल तर दिगू दिसतच नाही. काकू वैतागल्या, "माह्या पोराले काऊन दाखवून नाई राह्यले?"

मी समजावलं, "काकू, बॉल आपल्या गोलकडं आला की दिगू दिसते."

बस! काकूंनी हात जोडले. "देवा, बॉल इकडं येऊ दे!"

काका उसळले. "काय मांगून राह्यली तू! बॉल इकडं आला म्हंजे धोका होय!"

"होऊ दे धोका. दोन महिने झाले, पोराचं तोंड नाई पाह्यलं!"

पूर्ण नव्वद मिनिटं एकाच बाकड्यावर बसून नवरा-बायको देवाकडं उलटसुलट मागणं मागत होती. शेवटी दिगूला समोरच्याचं कोपर लागलं, डोक्याला पट्टी बांधायला खेळ थांबला आणि कॅमेरा चांगला दोन मिनिटं दिगूच्या तोंडावर राहिला. आम्ही सगळे घाबरलेले. काकू मात्र मोबाईलच्या जवळ सरकल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "वाळला वो लई."

*

दिगूचं लग्न ठरवायला आम्ही वांकिडीला गेलो. मुलगी सुनीता, वडील भाजीपाला लावणारे. पोहे झाले, चहा झाला. सासरेबुवा मुद्द्यावर आले.

"जावईबापू, आतापावतर गोल किती मारले?"

दिगू म्हणाला, "एकबी नाही."

मी मध्ये पडलो, "त्याचं काम गोल मारायचं नाही मामा. दुसऱ्याचा होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम."

मामांनी बराच वेळ विचार केला. "म्हंजे कुंपण."

"हो... तसंच."

"कुंपणाले पगार भेटते?" हे त्यांनी थट्टेनं नाही विचारलं, अगदी मनापासून विचारलं.

तेवढ्यात आतल्या दारातून सुनीता पुढं आली. म्हणाली, "मले एक विचारायचं हाये. गोल झाला तं लोक शिव्या कोणाले देतात?"

"मले," दिगू म्हणाला.

"अन् नाई झाला तं?"

दिगूनं माझ्याकडं बोट दाखवलं. "गोलकीपरचं नाव होते."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातला पोह्याचा चमचा खाली ठेवला. मग वडिलांकडं वळून म्हणाली, "चालते मले."

*

दिगू हैदराबादला परतला तेव्हा क्लबनं त्याच्या नावानं गावाला पास पाठवले. आम्ही चाळीस जण बस करून निघालो. स्टेडियम केवढं, गवत केवढं हिरवं! एकानं तर विचारलं, "एवढ्या गवतात एकबी जनावर काऊन नाही?"

मॅच सुरू झाली. आता आमच्या गावाची सवय ऐका. आमच्याकडं राखण म्हणजे आलेलं हाकलून लावणं. त्यामुळे दिगूनं बॉल मैदानाबाहेर मारला की आमचे चाळीस जण उभे राहून ओरडायचे, "हाकलला रे हाकलला!" टाळ्या, शिट्ट्या, एकाचा फेटा हवेत! आणि दिगूच्या टीमनं गोल मारला तेव्हा? चिडीचूप. आमच्यातला एक म्हणाला, "तिकडं काय झालं बे?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे, थे दुसऱ्याच्या वावरात झालं."

आजूबाजूचे हैदराबादी लोक आधी आमच्याकडं बघून हसले. मग एकानं विचारलं, "भाई, ये क्या बोल रहे तुम लोग?" आम्ही शिकवलं. शेवटच्या दहा मिनिटांत समोरचे जीव तोडून हल्ले करत होते, दिगू एकामागून एक बॉल बाहेर काढत होता आणि आमची पूर्ण बाजू एका आवाजात ओरडत होती, "हाकलला रे हाकलला!" ओरडून ओरडून माझा घसा बसला.

नामदेवकाका मात्र आले नव्हते. "वावर सोडून कसा येऊ?" म्हणाले.

*

मागच्या वर्षी दिगूचा डावा गुडघा गेला. मॅचमध्ये उडी मारली, खाली येताना पाय वळला. ऑपरेशन झालं. दिगू बत्तीस वर्षांचा. या वयात डिफेंडरचा गुडघा गेला की क्लब फुलांचा गुच्छ देतात आणि नवीन करार देत नाहीत. दिगू सुनीताला घेऊन गावी आला.

क्लबच्या फिजिओनं मोबाईलवर व्यायाम शिकवला. पाठीवर वजन घेऊन रोज तासभर चालायचं. आता गावात कुठली जिम? मी दुकानातला फवारणी पंप पाण्यानं भरला आणि त्याच्या पाठीवर बांधला. दिगू कापसाच्या दोन ओळींमधल्या तासातून चालायला लागला. व्हिडिओ कॉलवर फिजिओनं विचारलं, "ये पीछे कौन सा मशीन है?"

चार दिवसांनी शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात आलं, की नुसतं पाणी कशाला? "दिगू, चालूनच राह्यला तं निंबोळी अर्क टाकून चाल ना बाबू. माह्या वावरातून चाल." दिगूला नाही म्हणता येत नाही. बघता बघता दुकानासमोर लाइन! "उद्या आमच्याइकडं व्यायाम कर." "परवा आमचा नंबर." महिनाभरात दिगूचा पाय भरला आणि अर्ध्या गावाच्या कपाशीवरची मावा कीड गेली. फिजिओ म्हणाले, रिपोर्ट एकदम छान आहे.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. शेताला पाणी द्यायचा दांड असतो, हातभर रुंद. लहान पोरगंही उडी मारून जातं. दिगू तिथं थांबायचा. खाली बघायचा. मग उजवा पाय पाण्यात टाकून, चिखलातून पलीकडं जायचा. ऑटोत चढताना आधी उजवा पाय. पायरी चढताना उजवा. डाव्या पायावर भार टाकून उडी म्हणून त्यानं एकदाही मारली नाही. मी विचारलं नाही. एक दिवस त्यानंच दांडाजवळ बसून सांगितलं, "भास्कर, पाय बरा हाये. मीच बरा नाही."

मी पंप काढून घेतला आणि आम्ही दोघं तसेच घरी आलो.

*

केरळचे कोच सर आता परत दिगूच्याच क्लबवर होते; त्यांना त्यानं फोनवर खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "जिस दिन भूल जाएगा कौन सा घुटना है, उस दिन आ जाना. काँट्रॅक्ट तैयार है."

ही गोष्ट गावात फुटली आणि गावानं मनावर घेतली. दिगूला विसरायचं आहे ना? मग त्याच्यासमोर गुडघा हा शब्द काढायचा नाही! बसस्टॉपवर ठरलं, घरोघर कळवलं. किराणा दुकानदारानं सांधेदुखीच्या तेलाच्या बाटल्या गल्ल्याखाली लपवल्या. ज्या बाटलीवर म्हाताऱ्याच्या पायाचं चित्र होतं तिला तर वर्तमानपत्र गुंडाळलं.

माझ्या शेजारचे गोविंदतात्या दहा वर्षांपासून गुडघ्यानं हैराण. दुकानात येऊन कण्हत बसणं हाच त्यांचा उद्योग. एकदा ते कण्हत असताना दिगू आला. म्हणाला, "तात्या, काय दुखते?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले. तात्यांना घाम फुटला.

"काई नाही बाबू... थे... मांडीच्या खालचं अन् पोटरीच्या वरचं."

दिगू बघत राहिला. मग इतका हसला, इतका हसला, की खाली जमिनीवरच बसला. सहा महिन्यांत तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, "अरे, अख्खं गाव विसरून राह्यलं, मीच तेवढा राह्यलो!"

*

आणि आता शेवटचा.

सीझन सुरू व्हायच्या आधी दिगूचा क्लब आदिलाबादला मैत्रीची मॅच खेळायला आला, आमच्या जिल्ह्याच्या टीमशी. कोच सरांनी दिगूला निरोप पाठवला, "पूरा मॅच खिलाऊँगा. फिर देखते हैं." म्हणजे आज निकाल. पुढची दोन-तीन वर्षं खेळायचं, की बुटांच्या नाड्या कायमच्या सोडायच्या.

इकडं जिल्ह्याच्या टीमचा गोलकीपर आदल्या दिवशी तापानं आडवा पडला. त्यांच्या तेलुगू कॅप्टननं मला फोन केला, "भास्कर अन्ना, रा अन्ना, ये ना! दुसरं कोणी नाही." मी बत्तीस वर्षांचा, पोट सुटलेलं. खिळ्यावरचे हातमोजे काढले तर एका बोटात कोळ्यानं घर केलेलं!

मॅचच्या सकाळी गावातले सात-आठ जण दुकानात आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भास्कर, बारा वर्षांत दिगूचा एक गोल नाही. आज चान्स आला तं... सोडून देजो. कोणाले समजते?" मला ते पटत होतं, तेच वाईट! मी सुनीताकडं गेलो. ती म्हणाली, "भाऊजी, काई करू नका. जसे खेळता तसे खेळा. तुमी सोडला तं त्याले तुमच्याकडं न पाहताबी समजन."

आणि त्या दिवशी नामदेवकाका आले! धुतलेलं धोतर, हातात बैलाचा कासरा. कासरा कशाला आणला म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू दे हाती. रिकाम्या हातानं बरं नाही वाटत."

मॅचच्या आधी दिगू माझ्याजवळ आला. "भास्कर, आज पह्यल्यांदा तू तिकडून अन् मी इकडून."

"हो. आज तुह्यं तोंड पायतो."

दिगू चांगला खेळला. पण सांभाळून. आमच्या फॉरवर्डचे खांदे बघून बॉल काढून घेत होता, पण डोक्यावरून बॉल आला की शेजारच्याला ओरडून सांगायचा, "तू जा!" कोच सर बाकावर बसून ते सगळं पाहत होते. वही मांडीवर बंद. दहा मिनिटं उरली, शून्य-शून्य. पाच उरली.

मग दिगूच्या टीमला कॉर्नर मिळाला. त्यांचा उंच स्ट्रायकर बदलून बाहेर गेलेला. सरांनी उभं राहून हात केला, "दिगांबर, ऊपर!"

दिगू लांबून धावत आला. बॉल हवेत वळला, माझ्या समोर माणसांची भिंत, आणि त्या भिंतीच्या वर एक तोंड आलं. बारा वर्षांनी मी माझ्या डिफेंडरचं तोंड पाहत होतो! डोळे उघडे, दात आवळलेले, आणि त्या तोंडावर भीती म्हणून नव्हती. त्यानं डोकं मारलं. बॉल वरच्या कोपऱ्यात चालला होता, गोल नक्की.

मी उडालो. पोट, वय, सकाळचं बोलणं, काही आठवलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं लागली आणि बॉल गोलच्या वरच्या दांड्यावरून बाहेर गेला.

"हाकलला रे हाकलला!" आमचं गाव एका आवाजात ओरडलं. सवयच ना ती! टाळ्या, शिट्ट्या. मग हळूहळू एकेकाच्या लक्षात आलं की हाकलला कोणाचा. टाळ्या थांबल्या. आणि मग जे सुरू झालं ते इथं सांगण्यासारखं नाही. गोविंदतात्या तर हातातली काठी घेऊन मैदानात यायला निघाले होते. "भास्कऱ्या, काय केलं बे!"

शेवटची शिट्टी झाली. शून्य-शून्य. मी गोलमध्येच उभा. समोर दिगू घामानं भिजलेला, आणि कोच सर त्याच्याकडं चालत येत होते. मागून नामदेवकाका, हातात कासरा.

सरांनी विचारलं, "दिगांबर, वो हेडर... कौन से पैर से कूदा?"

दिगूनं खाली पाहिलं. डाव्या पायाकडं पाहिलं, उजव्याकडं पाहिलं. परत डाव्याकडं. कपाळाला आठ्या घातल्या. मान हलवली.

"याद नहीं, सर."

सरांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "मंगलवार. सुबह छह बजे. लेट मत होना." आणि निघून गेले.

नामदेवकाका माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली. पोराचा एकुलता एक गोल मी अडवला होता. काकांनी माझे हातमोजे उलटसुलट करून पाहिले.

"भास्कर, आत काई शिरलं का?"

"नाही काका. दोन्हीकडं नाही."

"मंग बाबू, रडून काऊन राह्यला?"